अलेक्झांड्रिया चार वेळा: कादंबरीतलं युद्धकाळातलं शहर कसं रंगवावं

पहिलं चित्र पूर्ण झालं तेव्हा मैत्रिणीने ते भिंतीला टेकवलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि विचारलं, "ही बाई कोण?"

ती जस्टीन होती, कादंबरीतली नायिका. काळेभोर डोळे, ओठाशी नेलेला हात, मागे धुरकट निळा समुद्र. बाई बरी जमली होती, पण शहर कुठे होतं? मागचा समुद्र काढून तिथे डोंगर घातला असता तरी काही बिघडलं नसतं. वीस वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं केल्यावर हात आपोआप चेहऱ्याकडे जातो, तसा माझा गेला होता. ते चित्र मी उलटं करून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रंगांच्या चाचण्या घेतल्या, आणि पुढची सगळी मालिका त्या चाचण्यांतून आली. ती कशी केली ते इथे सांगते. तुम्हाला दुसरी कादंबरी आणि दुसरं शहर घ्यायचं असेल तरी यातलं बरंच उपयोगी पडेल.

पुस्तक आहे लॉरेन्स डरेलचं 'अलेक्झांड्रिया क्वार्टेट'. चार भाग: 'जस्टीन' 1957 साली आला, 'बाल्थाझार' आणि 'माउंटऑलिव्ह' 1958 साली, 'क्लिआ' 1960 साली. डरेलचा जन्म 1912 साली आपल्याकडे जालंधरला झाला. 1941 मध्ये जर्मन सैन्य ग्रीसमध्ये शिरलं तेव्हा तो क्रीटमार्गे इजिप्तला पळाला, आणि 1942 पासून 1945 पर्यंत अलेक्झांड्रियात ब्रिटिशांचा प्रसिद्धी अधिकारी होता. म्हणजे युद्धातलं शहर त्याने डोळ्यांनी पाहिलं. पण लिहिलं बऱ्याच वर्षांनी आणि दूर बसून: सुरुवात सायप्रसमध्ये, बाकीचं दक्षिण फ्रान्समध्ये. त्याचा निवेदक डार्लीसुद्धा एका ग्रीक बेटावर बसून शहर आठवतो. मी स्वतः अलेक्झांड्रियाला कधी गेलेले नाही. सुरुवातीला याची लाज वाटायची. नंतर वाटलं, दुरून आठवलेल्या शहराचं चित्र दुरूनच काढायला हरकत नसावी, फक्त नकाशा नीट पाहिलेला असावा.

आधी युद्ध नको

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थेट बॉम्बहल्ल्यापासून सुरुवात करणं. मी ती दोनदा केली. काळं आकाश, शोधदिवे, आग. चित्र भडक झालं आणि ते कुठल्याही बंदराचं होतं.

कादंबरीची रचना पाहिली की कारण कळतं. पहिले तीन भाग युद्धाच्या आधीचे आहेत आणि तीनही भागांत साधारण त्याच घटना वेगवेगळ्या बाजूंनी येतात. काळ पुढे सरकतो तो चौथ्यात, आणि युद्धही तिथेच येतं. तोवर वाचकाला शहराची इतकी सवय झालेली असते की एक दिवा विझला तरी कळतं. चित्रातही तेच करायचं: एकच जागा, एकाच मापाच्या कागदावर, तीन वेळा शांततेत आणि मग एकदा युद्धात. चौथं चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पहिली तीन असली पाहिजेत. मला चारही चित्रांना मिळून पाच महिने लागले, त्यातले साडेतीन पहिल्या तिघांत गेले.

जागा निवडताना मोह आवरा. कादंबरीत सेसिल हॉटेलच्या दालनातले आरसे आहेत, मरयूत सरोवरावरची बदकांची शिकार आहे, मुखवट्यांचा उत्सव आहे. हे सगळं सुटं सुटं काढलं तर कथाचित्रांचा संच होईल. मी पूर्व बंदराची कमान घेतली: समुद्रकाठचा कॉर्निश रस्ता, एका टोकाला काइतबे किल्ला, दुसऱ्या टोकाला सिल्सिलाचं भूशिर. चारही चित्रांत एवढंच.

वाचायचं कसं

हातात पेन्सिल आणि शेजारी रंगपेटी ठेवून वाचा. डरेल स्वतः चित्रं काढायचा, ऑस्कर एप्फ्स या टोपणनावाने त्याने पॅरिसमध्ये ती मांडलीही होती. त्याचं लेखन रंगाऱ्याच्या टाचणांसारखं आहे. 'जस्टीन'मध्ये सुरुवातीलाच निसर्गाच्या छटांची यादी येते: लिंबाच्या अर्कातून गाळलेला प्रकाश, विटांच्या भुकटीने भरलेली हवा, धुळकट तांबडा, धुळकट हिरवा, खडूसारखा फिका जांभळा, पाणी घालून पातळ केलेला किरमिजी. 'बाल्थाझार'ची सुरुवातही अशाच टाचणाने होते: ब्राँझकडे झुकणारा तपकिरी, मोत्याचा रंग, शिंपल्यातला करडा.

असं वाक्य दिसलं की थांबा. ओळीखाली रेघ मारून पुढे गेलात तर काही उपयोग नाही, त्याच क्षणी रंग कालवून छोटा चौकोन भरा आणि खाली पान क्रमांक लिहा. माझ्या वहीत असे एकशे चाळीस चौकोन झाले. दोन गोष्टी त्यातून समजल्या. एक, शुद्ध निळा फार थोडा आहे. भूमध्य समुद्र म्हटल्यावर आपण जो निळा पिळून काढतो तो या शहरात जवळजवळ नाही. दुसरी, रंगांच्या नावांआधी सतत धूळ, खडू, मोती, पाणी असे शब्द येतात. हा माणूस रंग सांगत नाही, रंगावरचा थर सांगतो.

म्हणून पेटी लहान ठेवली. लिंबाच्या प्रकाशासाठी निकेल टायटॅनेट यलो, कारण तो फिका, थंड आणि किंचित दुधाळ आहे. कॅडमियम लेमन फार ओरडतो. विटांच्या भुकटीसाठी पॉटर्स पिंक. त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि हवेत धूळ असल्याचा भास आपोआप होतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. धुळकट हिरव्यासाठी टेअर व्हर्ट. खडूच्या जांभळ्यासाठी मँगनीज व्हायोलेटमध्ये थेंबभर पांढरा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. किरमिजीच्या बाबतीत मात्र लेखकाचं ऐकू नका. जुना क्रिमझन लेक उजेडात उडतो आणि ॲलिझरिन क्रिमझन, ट्यूबवर पीआर 83 हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला, पातळ वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार थरात, त्याच वाटेने जातो. ट्यूबवर पीव्ही 19 असलेला क्विनाक्रिडोन रोझ घ्या. याशिवाय रॉ सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि रात्रीसाठी इंडँथ्रोन ब्लू. काळा नको.

निळ्याबद्दल एक आडवाटेची गोष्ट. रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस लिहून गेलाय की वाळू, तांबं आणि सोडा भाजून निळा रंग बनवण्याची रीत पहिल्यांदा अलेक्झांड्रियात सापडली. खरं तर इजिप्तमध्ये तो रंग त्याच्याही दोन-अडीच हजार वर्षं आधीपासून होता. पण ज्या शहराला लोकांनी निळ्याचं माहेर मानलं त्याचं चित्र मी जवळजवळ निळ्याशिवाय करत होते, याची मजा वाटत राहिली.

नकाशा आणि सूर्य

आता जो भाग सांगते तो कंटाळवाणा वाटेल, पण माझं एक पूर्ण चित्र यात वाया गेलं. जानेवारीतली संध्याकाळ काढायची म्हणून मी किल्ल्याच्या उजवीकडे, समुद्रात, सूर्य बुडवला. फार सुंदर दिसत होता. नंतर नकाशा उघडला. अलेक्झांड्रियाचा समुद्र उत्तरेला आहे. शहर किनाऱ्याला लागून पट्टीसारखं पसरलंय आणि सूर्य दिवसभर शहराच्या पाठीमागून, दक्षिणेकडून फिरतो. हिवाळ्यात तो नैऋत्येला, घरांच्या मागे मावळतो. समुद्रात मावळणारा सूर्य हवा असेल तर जून घ्या.

हे कळल्यावर चित्राचा सांगाडाच हाती आला. शहर साधारण 31 अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 35 अंश वर असतो, म्हणजे 20 मीटर उंच इमारतीची सावली सुमारे 28 मीटर लांब पडते. कॉर्निशवरच्या इमारतींची तोंडं समुद्राकडे, म्हणून दर्शनी भाग सावलीत, समोरचा रस्ता सावलीत, आणि त्यापलीकडे पाणी लख्ख. जूनमध्ये तोच सूर्य दुपारी 82 अंशांवर, जवळजवळ डोक्यावर, आणि तीच सावली तीन मीटरही भरत नाही. कुठलंही शहर घ्या, हा हिशेब आधी करा. कादंबरीकार प्रकाशाचं वर्णन करतो पण तो कुठून येतो हे सांगत नाही.

आजचे फोटो पाहून काढणार असाल तर तीन गोष्टी पुसा. सिल्सिलाजवळची तिरक्या थाळीसारखी मोठी इमारत हे नवं ग्रंथालय आहे, 2002 साली उघडलेलं. रस्ता आज फार रुंद आहे. आणि किल्ल्यावर मनोरा काढू नका. सुलतान काइतबेने हा किल्ला पंधराव्या शतकात जुन्या दीपगृहाच्या जागी बांधला आणि 1882 च्या ब्रिटिश तोफमाऱ्यात त्याचा मिनार गेला. आधीच्या युद्धाची ती खूण आहे, म्हणून मी ती रिकामी जागा जरा जास्त आकाश देऊन ठेवली.

पहिली तीन

पहिलं चित्र 'जस्टीन'सारखं: एकाच माणसाने पाहिलेलं आणि त्याला सगळं कळलंय असं वाटत असलेलं. कागद 38 बाय 28 सेंटिमीटर, 300 ग्रॅमचा कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत, बोर्डावर ताणलेला. हिवाळ्यातली तिसऱ्या प्रहराची वेळ, कॉर्निशवर उभं राहून वायव्येला किल्ल्याकडे पाहताना. आधी सगळ्या कागदावर निकेल यलोचा अगदी पातळ वॉश, तो ओला असतानाच वरून पॉटर्स पिंक सोडला आणि बोर्ड कलता करून वाहू दिला. पुरता वाळल्यावर खालच्या तिसऱ्या भागावर जांभळ्या सावलीचा एकच सपाट थर. किल्ला पांढऱ्या कागदाचाच, फक्त त्याची उजवी बाजू किंचित सावलीत. दोन तासांत झालं. या चित्रावर जास्त वेळ घालवू नका, त्याला स्वतःबद्दल खात्री असायला हवी.

दुसऱ्यावर मात्र रेंगाळा. 'बाल्थाझार'मध्ये डार्लीने लिहिलेलं हस्तलिखित त्याच्याकडे परत येतं ते ओळींच्या मधे मित्राने, बाल्थाझारने, लिहिलेल्या दुरुस्त्यांनी भरलेलं असतं. जस्टीनच्या ज्या वागण्याला डार्ली प्रेम समजत होता तो म्हणे पडदा होता. मग मीही तेच केलं. पहिलं चित्र खिडकीच्या काचेवर धरून त्याची रेषा जशीच्या तशी दुसऱ्या कागदावर उतरवली, फिकट रंग भरला, आणि मग बारीक निबने, बर्न्ट सिएनाच्या शाईत, पहिल्या वेळी जे दिसलं नव्हतं ते मधल्या जागांत लिहिल्यासारखं काढलं. जाळी दुरुस्त करणारे कोळी. ट्रामच्या तारा. ग्रीक, अरबी, फ्रेंच, इटालियन पाट्या. बाल्कनीतले कपडे. ओझी वाहणारी माणसं.

ही माणसं काढताना जरा अडखळले. कादंबरीत ती फार थोडी आहेत; असलीच तर गर्दी म्हणून, वास म्हणून, आवाज म्हणून. डरेलचं अलेक्झांड्रिया हे मुख्यतः परदेशी आणि श्रीमंत लोकांचं शहर आहे, आणि इजिप्शियन वाचकांनी ही तक्रार बरोबरच केलीय. त्यावर उपाय म्हणून शहराच्या स्वतःच्या चित्रकारांकडे वळा. महमूद सईद, जन्म 1897, पेशाने न्यायाधीश. 1947 साली नोकरी सोडून पूर्ण वेळ चित्रकार झाला. त्याच्या आकृत्यांची कांती तापवलेल्या तांब्यासारखी असते आणि प्रकाश बाहेरून पडण्याऐवजी आतून आल्यासारखा दिसतो. सैफ आणि अदहम वानली हे दोघे भाऊ सर्कस, नाटक, नाच असं हलणारं जग झटपट रेषेत पकडायचे. मी सईदच्या दोन चित्रांच्या छटा वहीत उतरवल्या आणि मगच ओझेवाल्यांचे खांदे रंगवले. नक्कल करू नका, पण कातडीचा रंग डरेलकडून मात्र घेऊ नका.

तिसरं चित्र 'माउंटऑलिव्ह'चं. हा भाग निवेदक 'मी' सोडून सांगतो आणि त्याचा नायक राजदूत आहे. म्हणून नजर वरून, जणू कचेरीच्या भिंतीवरच्या नकाशावर. जूनमधली दुपार, सावल्या जवळजवळ नाहीत, सगळं सपाट गुआशमध्ये. गुआश साईसारखा घट्ट हवा. पातळ झाला तर डाग पडतात, जाड झाला तर तडकतो. उन्हाळ्यात समुद्राची दमट हवा वस्तूंवर डिंकाचा पातळ लेप बसल्यासारखी दिसते असं पुस्तकात येतं. ते शब्दशः करून पाहिलं: गम अरॅबिकच्या एका भागात पाच भाग पाणी घालून फक्त पाण्याच्या भागावर मऊ सपाट ब्रशने एकदाच फिरवलं. एकदाच, कारण दुसऱ्या फेरीला खालचा गुआश उठतो. कोन बदलून पाहिलं की बंदर चकाकतं आणि शहर कोरडं राहतं.

चौथं

आता युद्ध. पण चित्राआधी युद्धाबद्दलच्या दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात, नाहीतर पुन्हा कुठलंही बंदर होईल.

अलेक्झांड्रिया हा ब्रिटिश भूमध्य आरमाराचा तळ होता. ते आरमार पश्चिम बंदरात असायचं, आपल्या चित्रातल्या पूर्व बंदरात नव्हे. बॉम्बचं मुख्य लक्ष्य तिकडे, म्हणून आगीची झाक चित्राच्या त्या कडेला. त्याच बंदरात फ्रेंच युद्धनौकांचं एक पथकही होतं. जुलै 1940 मध्ये करारानुसार त्यांची शस्त्रं निकामी केली आणि 1943 पर्यंत त्या तिथेच नांगरून पडल्या. युद्धात असूनही नसलेल्या नौका! इजिप्त देश म्हणूनही तसाच: ब्रिटिश फौजा त्याच्या जमिनीवर लढत होत्या, पण त्याने स्वतः युद्ध पुकारलं ते थेट फेब्रुवारी 1945 मध्ये. अल अलामेनची रणभूमी पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर. तिथल्या रुवैसात टेकडीवर चौथी भारतीय डिव्हिजन उभी होती.

आणि 19 डिसेंबर 1941 ची पहाट. सहा इटालियन पाणबुडे पाण्याखालून चालणाऱ्या तीन यंत्रांवर बसून बंदरात शिरले आणि 'क्वीन एलिझाबेथ' व 'व्हॅलियंट' या दोन युद्धनौकांच्या तळाशी स्फोटकं लावून गेले. दोन्ही नौका उथळ पाण्यात सरळ खाली बसल्या. वरून पाहणाऱ्याला त्या तरंगतायत असंच वाटावं, आणि ब्रिटिशांनी तसंच भासवलं; डेकवरचे रोजचे सोपस्कार चालू ठेवले. याचा मी वेगळा छोटा अभ्यास केला: शांत पाणी, राखाडी नौका, सगळं ठीक, फक्त पाण्याची रेषा बोटभर वर. तुम्हीही करून बघा. युद्ध दाखवायला आग लागत नाही हे हाताला कळतं.

'क्लिआ'मध्ये डार्ली बोटीतून रात्री परत येतो आणि त्याला शहर पहिल्यांदा दिसतं ते हवाई हल्ल्यात. म्हणून चौथ्या चित्रात मीही उभी राहण्याची जागा बदलली: समुद्रातून दक्षिणेकडे. इथे पुन्हा फसले. किल्ला सवयीने डावीकडे काढला. समुद्रातून पाहताना पश्चिम उजव्या हाताला येते, म्हणून किल्ला उजवीकडे, सिल्सिला डावीकडे, आणि पश्चिम बंदराची आग उजव्या कडेला. नकाशा उलटा करून टेबलावर ठेवा आणि चित्र संपेपर्यंत सरळ करू नका. शहराला उंच टेकड्या नाहीत, सगळं बुटकं आणि लांब, म्हणून जमिनीची पट्टी दोन सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. उरलेलं आकाश आणि पाणी.

माध्यम गुआश. इंडँथ्रोन ब्लूमध्ये बर्न्ट अंबर साधारण तीनास एक, त्याचा गडद थर आकाशाला. पाण्यासाठी त्याच मिश्रणात जरासा टेअर व्हर्ट. शहराच्या पट्टीसाठी तेच, पण अंबर जास्त, म्हणजे ती आकाशाहून किंचित उबदार आणि काळपट दिसेल. ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांच्या काचांना आणि मोटारींच्या दिव्यांना निळा रंग लावायचे. एवढा वेळ टाळलेला शुद्ध निळा आता बाहेर काढा: टोकदार ब्रशने चार-पाच ठिपके, बस. पहिल्या तीन चित्रांत निळा नसल्यामुळे हे ठिपके असे काही दिसतात की अंगावर काटा येतो. पाच महिन्यांत मला सर्वांत जास्त समाधान या पाच ठिपक्यांनी दिलं.

शोधदिव्यांचे झोत लोक बॅटरीच्या उजेडासारखे काढतात, खाली टोक आणि वर पसरट त्रिकोण. तसं नसतं. विमानविरोधी शोधदिव्याचा आरसा 90 किंवा 150 सेंटिमीटरचा असायचा आणि झोत जवळजवळ समांतर जायचा, काठीसारखा. ढगावर आपटला तर तिथे गोल डाग, ढग नसेल तर हवेत मधेच विरून जातो. मी पांढरा रंग वापरला नाही. जाड कागदाच्या दोन पट्ट्या किंचित फटीने ठेवायच्या, ओलसर पिळलेला स्पंज त्या फटीतून खालून वर एकदा ओढायचा आणि लगेच टिपकागद दाबायचा. गुआश पाण्याने पुन्हा सुटतो, त्यामुळे खालचा कागद अर्धवट उघडा पडतो आणि धुळीतून जाणारा प्रकाश मिळतो. वर जाताना दाब कमी करत न्या. तीनच झोत काढा आणि एकमेकांना एकाच जागी छेदू देऊ नका. दोन छेदले, तिसरा चुकला, असं बरं. पाण्यातलं प्रतिबिंब त्याच बाजूला कलतं: आकाशात झोत डावीकडे झुकला असेल तर पाण्यातही डावीकडेच. मी घाईत उलटं काढलं होतं, आणि का कोण जाणे, पाहणाऱ्यांना पाणी तिरपं वाटत राहिलं.

स्फोट काढू नका. उजव्या कडेला लाइट रेड आणि पॉटर्स पिंकची कोरडी, घासलेली झाक, कागदाच्या कडेबाहेर जाणारी. विटांच्या भुकटीचा तो जुना रंग. पहिल्या चित्रात तो हवेत होता, इथे खरोखरच विटांची भुकटी आहे.

ज्यांना कादंबरी अजून वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. शेवटच्या भागात क्लिआ, जी स्वतः चित्रकार आहे, पाण्याखाली एका बुडालेल्या जहाजापाशी असताना मित्राच्या हातून मासे मारायची बंदूक चुकून सुटते आणि तिचा उजवा हात जहाजाला खिळला जातो. तिला वाचवायला डार्ली तो हात तोडतो. पुढे ती कृत्रिम हाताने रंगवू लागते, आणि म्हणते की आता खरं जमतंय. डरेल ज्या आंब्रों व्हिलाच्या मनोऱ्यात राहायचा तिथल्या बागेतल्या स्टुडिओत क्लिआ बदारो नावाची चित्रकार काम करायची. कादंबरीतलं पात्र तिच्यावरून सुचलं असं मानतात. म्हणून चौथ्या चित्राची मूळ रेषा मी डाव्या हाताने काढली. पहिल्या तीन कागदांवर रेषा मखमली होती. इथे किल्ल्याची भिंत थरथरली, किनारा तुटक झाला आणि मुखपृष्ठांची ती वीस वर्षांची सफाई गेली. डावखुरे असाल तर अर्थातच उजव्याने. रंग मात्र नेहमीच्या हाताने भरा, नाहीतर स्पंज घसरतो.

एक पाचवं, हवं तर

चौथं वाळल्यावर मी इब्राहीम अब्देल मेगीदची 'अलेक्झांड्रियात कोणी झोपत नाही' ही 1996 सालची कादंबरी वाचली. तेच शहर, तेच युद्ध, पण नायक आहेत खेड्यातून आलेला शेख मगदुद्दीन आणि त्याचा कॉप्ट, म्हणजे इजिप्शियन ख्रिस्ती, मित्र दिमियान, रेल्वेतले कामगार. बॉम्ब पडतात तेव्हा त्यांच्याकडे ना सेसिल हॉटेल, ना बोट. ती वाचताना माझ्या चौथ्या चित्रात सुंदर दिसणारे झोत जरा खटकायला लागले.

मी ते बदलले नाहीत. त्याऐवजी त्याच मापाचा एक कागद ताणला आणि नजर शहराच्या मागून, दक्षिणेकडून, महमूदिया कालव्याच्या बाजूने ठेवली. इथून समुद्र दिसतच नाही. रुळांच्या दोन रेषा, एक हातकंदील, आणि तेच तीन झोत, पण आता घरांच्या पलीकडे, अर्धवट झाकलेले. हे चित्र अजून पूर्ण नाही. रूळ फार चकचकीत झालेत, त्यावर अंबरचा एक पातळ वॉश द्यायचाय.

टांगताना क्रम लावायचा असेल तर पहिली तीन एका ओळीत, चौथं समोरच्या भिंतीवर. ज्याला चौथं पाहायचंय त्याला पहिल्या तिघांकडे पाठ करावी लागते, आणि बहुतेक जण मधेच वळून एकदा मागे पाहतात. फ्रेमसाठी शक्यतो झगमग न करणारी काच घ्या, नाहीतर डिंकाच्या लेपाची चकाकी काचेच्या चकाकीत हरवते. आणि खोलीत दिवा पिवळा असेल तर तो बदलून थंड पांढरा लावा; पिवळ्या उजेडात ते पाच निळे ठिपके काळे दिसतात.